हवा आत येता कामा नये

...आणि झोप लागणार कशी हो? तुम्हीच सांगा! दुसऱ्या दिवशी तुम्हाला एक सिलिंडर बदलायचा आहे, आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं, आणि बदलताना आत हवा शिरू द्यायची नाही... हवा! झुरळ म्हणा, पाल म्हणा, शेजारणीचं मांजर म्हणा, मी दार लावेन, फटीत फडकं कोंबेन, झाडू घेऊन उंबऱ्यात उभी राहीन. पण हवा? हवा काय बेल वाजवून येते का हो?

कूस बदलून बदलून गादीला खड्डा पडला. नवरा, विश्वजित, डोळे न उघडता म्हणाला, "गॅस बंद आहे तेजू. बघून आलीस. परत बघून आलीस. आता झोप." त्याला वाटलं, नेहमीचंच. आणि नेहमीचं आहेच, मी नाकारत नाही. झोपण्याआधी मी स्वयंपाकघरातला नॉब बघते, मग दाराची कडी बघते, मग परत नॉब बघते, कारण कडी बघताना वाटतं की नॉब बघितला तो आजचा होता की कालचा... आणि सगळ्यात शेवटी शांभवीच्या नाकापुढं बोट धरते. शांभवी म्हणजे आमची मुलगी. मोठ्या शिशुवर्गात आहे, चांगली धडधाकट आहे, तिच्या आवाजानं कसबा बावड्यातल्या आमच्या अख्ख्या अपार्टमेंटला सकाळी गजराची गरज पडत नाही. पण झोपली की मी बोट धरते. गरम हवा लागली बोटाला, की मग मी आडवी. मग कुणी काही म्हणा.

तर गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, माझं नशीब बघा! घरी मी बघायचं, हवा आत जातेय ना? आणि कामावर बघायचं, हवा आत जात नाही ना? एकाच बाईनं! त्याच बोटांनी!

काम कुठलं, ते सांगते. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. 'आमची' म्हणजे मालकांची, माझा नुसता पगार. तिथं लोखंड वितळवून ट्रकचे ब्रेक ड्रम ओततात. आता ओतायच्या आधी ते लोखंड बरोबर आहे का, हे कुणी सांगायचं? मी! मूल झाल्यावर काही वर्षं घरी बसलेली, आत्ता कुठं परत बाहेर पडलेली, भाजीत मीठ घातलं की नाही हे सासूला विचारणारी मी! भट्टीतलं पळीभर लोखंड साच्यात ओततात, गार करतात, आणि बिस्किटाएवढी चकती माझ्या प्रयोगशाळेत येते. ती घासायची, मशीनवर ठेवायची, बटण दाबायचं. ठिणगी पडते. आणि त्या ठिणगीच्या उजेडावरनं मशीन सांगतं, कार्बन एवढा, सिलिकॉन एवढा, गंधक एवढं. उजेडावरनं हो! एम.एस्सी.ला हे मी पाठ केलं होतं, पेपरात आकृतीसकट लिहिलं होतं, मार्कही पडले होते. पण खरं सांगू? विश्वास इथं बसला. लोखंड, जे बोलत नाही, हलत नाही, ते एका क्षणात पेटतं आणि आपल्या पोटातलं सगळं सांगून टाकतं. मला अजून प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. बाकीच्यांना येत नाही. बाकीचे तोवर चहा मागवतात.

पण ती ठिणगी साध्या हवेत पाडून चालत नाही, इथंच तर सगळी मेख आहे! ती आर्गॉनमध्ये पडायला लागते. आर्गॉन हा एक वायू. आमच्या शिवलीला मॅडम, म्हणजे माझ्या वरच्या, मूळच्या संकेश्वरकडच्या, मराठी बोलतात पण रागावल्या की कानडीत जातात, त्या म्हणतात, "आर्गॉन म्हणजे बघ गं, लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला पावणा. कुणाशी बोलणं न्हाई, कुणाशी भांडण न्हाई, जमवणं न्हाई, मोडणं न्हाई. येतो, बसतो, जातो." आणि खरंच! लोखंड पेटून वाफ झालं तरी हा आपला शांत. कुणाला चिकटत नाही. आणि हवा? हवा म्हणजे आमच्या जिन्यातल्या... नको, त्यांच्या कानावर जाईल. हवा म्हणजे जे दिसेल त्याला चिकटणार, "काय गं, कुठं निघालीस, पगार किती," करणार, आणि ठिणगीच्या उजेडातलं निम्मं स्वतःच खाऊन टाकणार. कार्बन, गंधक, यांचा उजेड हवा मधल्यामध्ये गिळते. मशीनला कमी दिसतं. म्हणजे जगायला जी लागते तीच इथं चोर! आणि शिरणार कधी, कुठून, कळणार कसं? हवा काय बेल वाजवून येते का हो?

एरवी सिलिंडर मॅडमच बदलतात. मी शेजारी पाना धरून उभी. पाना द्यायचा, पाना घ्यायचा, तोंडावर समजल्याचा भाव ठेवायचा. पण मॅडमच्या भाच्याचं लग्न निघालं. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या टाकी संपंल बहुतेक. बदल. येन इल्ला, काय होत न्हाई. एकच सांगते, पार रिकामी करायची न्हाई. आत थोडं राखायचं. आतलं जोरात असलं की बाहेरचं आत शिरत न्हाई."

हे वाक्य मला तिथंच बसलं. म्हणजे मी खरंच स्टुलावर बसले. कारण आमच्या घरात याच्या बरोब्बर उलट! सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात म्हणून मीही आक्काच म्हणते, त्यांच्या राज्यात टाकी कधी संपतच नाही. ज्योत निळीची पिवळी झाली, की आक्का टाकी हलवणार. मग तिरकी करणार. मग आडवी करणार आणि वर पाय ठेवून भाकरी थापणार! "जोवर भाकरी फुगती तोवर टाकी हाय," हा त्यांचा कायदा. मी कितीदा सांगितलं, आक्का, आडवी करायची नसते, धोका असतो, कंपनीनं लिहिलेलं असतं. "कंपनीला भाकरी येती का?" असा प्रश्न! आणि मी बाई तर त्याच घरातली. टूथपेस्टची नळी कापून आत ब्रश फिरवणारी. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात ओतणारी. मला 'थोडं राखून सोडून दे' म्हणणं म्हणजे... हात धजत नाही हो!

म्हणून सकाळी गेले, काटा बघितला, लाल रेघेच्या जवळ, आणि वाटलं, अजून आहे की. एक चकती झाली. परत बघितलं. अजून आहे. दुसरी झाली. आक्का माझ्या डोक्यात पाय ठेवून भाकरी थापतायत! निवांत वेळ होता तेव्हा बदलायला काय झालं होतं मला? नाही. भट्टीत लोखंड लाल व्हायला लागलं, तिकडून कृष्णातदादांचा फोन आला आणि इकडं काटा रेघेला टेकला.

कृष्णातदादा भट्टीवरचे मुकादम. राधानगरीकडचे. माणूस लाखमोलाचा, पण आवाज असा की फोन न करता बोलले तरी मला ऐकू येईल. "मॅडम! हीट तयार हाय, भट्टीभर लोखंड वितळलंय! सँपल धाडलंय! रिझल्ट सोडा बिगीबिगी!"

म्हटलं, "दादा, टाकी बदलायचीय. जरा थांबा."

"टाकी? आवो, मघा मी बघितलं की, काटा हलतोय न्हवं त्यात! एक ठिणगी न्हाई व्हय निघायची? आमची मंडळी टाकी आडवी करून आनी दोन दिस चहा करत्यात!"

बघा! कोल्हापूर जिल्ह्यात एक घर असेल का, जिथं टाकी उभी संपते?

पण मी म्हटलं, नाही. मॅडमनी सांगितलंय. आणि गेले मागच्या बाजूला. तिथं जाळीत टाक्या साखळीनं बांधून उभ्या असतात, माझ्यापेक्षा उंच, आणि तिथून तांब्याची बारीक नळी भिंतीतून आत मशीनपर्यंत जाते. वारा सुटला होता. एरवी मला वारा आवडतो. त्या दिवशी मी वाऱ्याकडं असं बघितलं जसं बाजारात पाकीटमाराकडं बघतात. ओढणी कमरेला खोचली. देवाचं नाव घेतलं. आणि श्वास धरला... का धरला विचारू नका! हवा आत जाता कामा नये ना, म्हणून मी आपली नाक बंद करून उभी. जसं काही सगळ्या शिरोलीची हवा माझ्याच नाकातून टाकीत जाणार होती!

आणि मग माझा हात गेला. सवयीनं गेला हो! घरी आपण काय करतो? शांभवीला बोट धरून शिकवलंय मी, आधी टाकीचा नॉब बंद, मग बाकीचं. किती वर्षांची सवय! तर मी आधी टाकी बंद केली. छान. घट्ट. आणि पाना लावला, आणि नट फिरवला, आणि...

श्श्श्श्श...

लांब. सावकाश. एखाद्यानं खूप दिवस दाबून ठेवलेला सुस्कारा सोडावा तसा. आणि तो संपेपर्यंत मला कळलं, काय चुकलं ते. आधी आतल्या नळीचा नळ बंद करायचा असतो! टाकीच्या गळ्यापाशी, नळी जिथं सुरू होते तिथला! म्हणजे नळीतला आर्गॉन नळीतच राहतो, जोरात राहतो, नुसता टाकीचा गळा तेवढा उघडा पडतो. तो गळा नंतर नव्या गॅसनं विसळून घेता येतो. मी नळ उघडाच ठेवला होता. सगळी नळी, भिंतीतून आत, मशीनच्या पोटापर्यंत, रिकामी झाली. आणि जिथून जोर गेला तिथं कोण आलं असेल? सांगायला पाहिजे? बेल वाजली का? हवा काय बेल वाजवून येते का हो!

कुणी बघितलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. जाळीजवळ मी, वारा आणि दोन टाक्या.

मग पुढचं सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. अपराधी माणूस किती व्यवस्थित वागतो ना! नव्या टाकीचं तोंड क्षणभर उघडून धूळ उडवली. नट बसवला, आवळला. थोडा गॅस आत घेतला, बंद केला, हळूच बाहेर सोडला, पण सगळा नाही, थोडा राखून. परत घेतला, परत सोडला. बघा, हे मला फार आवडतं, याच्यासाठी तर मी मॅडमच्या शेजारी पाना धरून उभी राहायचे. आपण ताकाचं भांडं विसळतो ना, थोडं पाणी घालायचं, फिरवायचं, टाकायचं, परत घालायचं? तसंच. दर वेळी हवा पातळ होत जाते. दहाव्या भागाचा दहावा भाग, त्याचा दहावा... आणि खरं बघितलं तर ती पूर्ण कधीच जात नाही. गणितानं जाऊच शकत नाही! नुसती इतकी कमी होते की ठिणगीला तिचा पत्ता लागत नाही. म्हणजे माणसानं एवढं शास्त्र शोधलं, चंद्रावर जाऊन आला, पण एवढ्याशा नळीतनं शेवटची हवा काढता आली नाही! मला हे आठवलं की देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. विसळला होता तो नुसता टाकीकडचा गळा; भिंतीतल्या लांब नळीतल्या हवेचं मनाला म्हटलं, जाईल निघून आपोआप. मग साबणाचं पाणी लावलं सांध्यांना. एक बुडबुडा आला तर गळती. बुडबुडा नाही. एवढ्यात कृष्णातदादा स्वतः आले, हेल्मेट, घाम, पायात ते बूट, अंगाला भट्टीचा वास.

"लोखंड उकळाय लागलंय आनी तुमी हितं साबणाचं बुडबुडं बघत बसलाय व्हय!" आणि माझ्याकडं बघून एकदम मऊ झाले. "मॅडम... तुमी श्वास घ्या की. टाकी घेत न्हाई, तुमी तर घ्या. तोंड निळं पडलंय."

घेतला. आत गेलो. चकती घासली, ठेवली, बटण दाबलं.

आता ठिणगीचा आवाज कसा असतो, सांगते. चांगली ठिणगी गुणगुणते. एकसारखी, घट्ट, भुंगा डबीत ठेवल्यासारखी. ही फुसफुसली. आणि चकती उचलून बघितली तर ठिणगीनं उमटलेला डाग, जो एरवी काळ्या कडेचा असतो, तो पांढरा. चकचकीत, पसरट, कडा नाही. मॅडमनी एकदा दाखवला होता, म्हणाल्या होत्या, "असा दिसला की समज, आत चोर हाय."

आणि मशीननं काय केलं? नंबर दिला! अगदी ऐटीत! कार्बन एवढा, सिलिकॉन एवढा, दशांश चिन्हासकट. मशीन लबाड नसतं हो, पण बिचाऱ्याला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही. आणि नंबर अगदीच वेडावाकडा असता तर कुणालाही कळलं असतं. तसा नव्हता! कार्बन थोडा कमी. खपून गेला असता. कृष्णातदादा मान वाकडी करून पडद्यावर वाचत होते. "कमी हाय व्हय कार्बन? मग टाकतो की वाढवून. झालं! जातो मी."

त्या एका क्षणात मी काय काय बघितलं, तुम्हाला सांगते. कार्बन कमी नव्हताच, उजेड कमी होता. हे जाऊन वर आणखी कार्बन घालणार. ओतीव लोखंडात कार्बन जास्त झाला की ते नको तेवढं मऊ पडतं. त्याचे ड्रम होणार, रंग लागणार, देखणे दिसणार, कुठल्यातरी ट्रकला बसणार, आणि तो ट्रक पावसाळ्यात, धुक्यात, माल भरून आंबा घाट उतरणार, वळणावर ड्रायव्हर ब्रेक दाबणार, त्याच्याही घरी कुणीतरी नॉब बघून, कडी बघून झोपलेलं असणार... आणि त्याच्या ब्रेकच्या आणि खालच्या दरीच्या मध्ये कोण? मी! ओढणी कमरेला खोचलेली, भाजीच्या मिठाची खात्री नसलेली मी!

आणि हे फक्त मलाच माहीत. बोलले नाही तर कुणाला कधी कळणारही नाही.

मॅडमना फोन लावला. लागला. आणि काय ऐकू आलं? बँड! "तेजस्वी? ऐकू येईना गं! अक्षता पडायल्यात! काय? डाग? साडीवर? मीठ लाव मीठ!... जेवलीस काय?" आणि फोन बंद. मीठ लाव!

कृष्णातदादा दारापर्यंत पोचले होते. मी म्हटलं, "थांबा." आवाजच फुटेना. परत म्हटलं. या वेळी फुटला, जरा जास्तच फुटला, बाहेरची दोन माणसं वळून बघायला लागली. "थांबा दादा! हा नंबर खोटा आहे. माझ्याकडून चूक झाली. नळीत हवा गेलीय. मी आधी टाकी बंद केली आणि नळ विसरले. नळी धुवून होईपर्यंत मी नंबर देणार नाही. आणि नंतर सँपलसुद्धा ताजं लागेल."

"ताजं?" दादांनी हेल्मेट काढलं. "म्हंजे परत? आवो, आत लोखंड हाय, पिठलं न्हवं, झाकून ठेवाय!"

"धरून ठेवा भट्टी."

"किती टाइम?"

"डाग काळा होईपर्यंत."

"आनी कवा हुणार?"

"मला माहीत नाही," म्हटलं मी. बघा, मशीनला जे म्हणता आलं नाही ते मी म्हटलं. एम.एस्सी. वाया नाही गेली.

मला वाटलं आता हा माणूस मालकांना फोन लावणार. त्यांनी लावला, पण भट्टीवर. "पॉवर कमी करून धरून ठेवा रं! मॅडम नळी धुवायल्यात!" आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. बुटांसकट. एसीच्या खोलीत. लादीवर काळे ठसे उमटले. बोलायची माझी परिस्थिती होती का?

मग आर्गॉन सोडला नळीतून. वाहू दिला. एक जुनी, टाकाऊ चकती घेतली आणि तिच्यावर ठिणग्या पाडत बसले. ठिणगी, उचल, बघ. पांढरा. ठिणगी, उचल, बघ. पांढरा. दादाही वाकून बघतायत. पांढरा. त्या बारीक तांब्याच्या नळीत, भिंतीच्या आत, डोळ्यांना न दिसणारं एक, डोळ्यांना न दिसणाऱ्या दुसऱ्याला ढकलत होतं, आणि आम्ही दोघं, एक भट्टीवरचा गडी आणि एक घाबरट बाई, एका लोखंडी बिस्किटाकडं डोळे लावून बसलो होतो. बाहेर टनभर लोखंड सूर्यासारखं लाल होऊन आमची वाट बघतंय. सांगा, याच्यापुढं कुठला चमत्कार मागायचा माणसानं?

आणि मला एकदम आठवलं. आठवायचं नव्हतं. शांभवी जन्मली तेव्हा रडली नव्हती. डॉक्टर, सिस्टर, सगळे एकदम गप्प झाले. कुणी पाठ चोळत होतं, कुणी नाकाला काहीतरी लावत होतं, आणि मी पडल्या पडल्या नुसती बघत होते, आत जा ना गं बाई, आत जा... हवेला म्हणत होते! तेव्हा ती येत नव्हती. साऱ्या जगात भरून राहिलेली, फटीफटीतून शिरणारी, न बोलावता येणारी, आणि तेव्हा एवढ्याशा नाकात यायला तिला जड झालं होतं. किती वेळ गेला, मला कुणी सांगू नका. मग आली. आणि शांभवी जी किंचाळली, ती अजून थांबली नाही! तेव्हापासून ते बोट.

"मॅडम," दादा म्हणाले. कुजबुजले. कृष्णातदादा कुजबुजू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. "ह्यो जरा राखी रंगाचा हाय बघा."

होता. ठिणगी, उचल, बघ. राखी. आणि आवाज जरा घट्ट. ठिणगी, उचल... मध्ये इवलासा खड्डा, आणि भोवती काळी कड. गोल. नीट. बाळाच्या गालाला तीट लावावी ना, दृष्ट लागू नये म्हणून, अगदी तशी! आणि ते गुणगुणणं... भुंगा परत डबीत आला होता.

दादा उठले, चकती तळहातावर घेतली, खिडकीपाशी उजेडात नेली. "आयला," म्हणाले, "म्हंजे हवा गेली काय न्हाई, ह्ये त्यो टिक्का सांगतोय?"

"हो."

"आनी आत्तापतूर कवा हवा असली असती, आनी आमी तसंच ओतलं असतं, तर?"

  दोघंही जरा वेळ त्या टिक्क्याकडं बघत राहिलो. मग दादांचा मूळचा आवाज परत आला, "सँपल धाडा रं ताजं! बघत काय बसलाय!" जसं काही तीच माणसं बसली होती बघत.

ताजी चकती आली. ठिणगी, टिक्का, नंबर. कार्बन बरोबर होता हो! काही घालायची गरजच नव्हती. लोखंड ओतलं. दारातून मी बघत होते, लाल ओढा साच्यात उतरताना, ठिणग्या उडताना. जाता जाता दादा म्हणाले, "मॅडम, आज तुमी आमाला लई थांबवलं." मला वाटलं, आता राग निघणार. तर म्हणाले, "बरं केलं. चुकलं म्हनून सांगणारं माणूस हितं मी पहिल्यांदाच बघितलं. न्हायतर मशीनच बिघडतं सगळ्यांचं." आणि हेल्मेट घालून गेले.

संध्याकाळी मी घरी आले ती तरंगत. वाटेत साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो ना बावड्यात, तोही मी छाती भरून घेतला, म्हटलं घ्या, हवा आहे, कुणाला मिळते! आक्का गॅसजवळ होत्या. टाकी उभी होती, देवाची कृपा. त्यांच्या शेजारी पिठात खेळत बसलेल्या शांभवीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, आज हिला सगळं सांगायचं. आपली आई काय करते, हे पोरीला कळायला नको? आणि सांगितलं! लाल लोखंड सांगितलं, ठिणगी सांगितली, टिक्का सांगितला, कृष्णातदादांचा आवाज काढून दाखवला, ट्रक घाट उतरतो तो सांगितला. आणि म्हटलं, "बाळा, त्या उंच टाकीत एक जादूचा वायू आहे. तो कुणाला त्रास देत नाही. आणि आईनं आज दिवसभर काय केलं? तर त्याच्यात बाहेरची हवा येऊ दिली नाही. म्हणून सगळे ब्रेक चांगले झाले!"

शांभवी डोळे मोठे करून ऐकत होती. खरंच ऐकत होती. आक्कासुद्धा भाकरी परतायची थांबल्या. मला वाटलं, झालं! पोहोचलं! आयुष्यात एकदा तरी माझं बोलणं या घरात पोहोचलं!

"तो वायू कुठल्या रंगाचा आहे?" पोरीनं विचारलं.

"त्याला रंग नसतो."

"दिसतो?"

"नाही गं."

"वास येतो? आपल्या गॅससारखा?"

"अजिबात नाही! तीच तर गंमत!"

"टाकी हलवली की आत डुचुक डुचुक होतं?"

"नाही राणी. काहीच होत नाही."

पोरीनं घरच्या टाकीकडं एकदा बघितलं. बराच विचार केला. मग तिनं आपला पिठाचा हात माझ्या गालावर ठेवला, अगदी आक्का भाजीवालीच्या गालावर ठेवतात तसा मऊ आणि कीव केल्यासारखा, आणि हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून माझ्या कानात म्हणाली, "आई, तुला फसवलंय त्यांनी. टाकी रिकामीच आहे. उद्या परत देऊन ये."